तंबूतल्या झाडांवर पांढरे ठिपके: कोळीच आहे का, आणि आता काय मारू?

हॅमिल्टनकर | ९ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे दहा प्रतिसाद वाचतील. मी कॅनडात, ऑन्टारियोत राहतो. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून एका घरात गांजाची चार झाडं लावायला कायद्याने मुभा आहे. माझी चारच आहेत, बेसमेंटमध्ये तंबू लावून दिव्याखाली वाढवलेली. बागकामाचा प्रश्न म्हणून इथे विचारतोय.

फुलोऱ्याचा चौथा आठवडा चालू आहे. परवा दोन झाडांच्या खालच्या पानांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसले, कुणी रवा भुरभुरल्यासारखे. वाटलं खत कमी पडलं, म्हणून मॅग्नेशियम दिलं. आज ठिपके मधल्या पानांपर्यंत चढलेत, आणि शेंड्याकडच्या काही पानांच्या कडा वर वळल्यात. दुकानातला पोरगा म्हणाला, कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड, माइट) आहे, हे तेल मार. बाटली आणलीय, उघडलेली नाही. मारू का?

सोडावॉटर | ९ ऑक्टोबर

बागकाम. बरं. आमचे एक काका पण ब्रँडी 'सर्दीसाठी' घेतात.

कोकणी_माणूस | ९ ऑक्टोबर

शीर्षकात कोळी वाचून मी पापलेटचा भाव विचारायला आलो होतो.

मीनाक्षी_ठाणे | १० ऑक्टोबर

तुमचं झाड मला माहीत नाही, पण ठिपके शंभर टक्के ओळखीचे आहेत. माझ्या गच्चीत दर मार्चला गुलाब आणि वांग्यावर हेच येतं. पानाखाली पांढरा कागद धरा आणि फांदीला टिचकी मारा. कागदावर धुळीसारखे कण पडतील. अर्धा मिनिट थांबा. धूळ चालायला लागली तर कोळी! मग बोटाने पुसून बघा, ओला लालसर नाहीतर हिरवट फराटा उठतो.

मी पाण्याच्या पाइपाने पानांची खालची बाजू धुऊन काढते, दर तीन-चार दिवसांनी, असं तीन वेळा. सोबत निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची भरड फडक्यात बांधून रात्रभर एक लिटर पाण्यात, सकाळी पिळून गाळायची आणि थोडा साबण घालून मारायची. बाजारचं औषध घरात आणायची वेळ आली नाही.

नियमाप्रमाणे | १० ऑक्टोबर

मराठी संस्थळावर गांजाच्या लागवडीचं मार्गदर्शन! संपादक झोपलेत का?

संपादक_मंडळ | १० ऑक्टोबर

झोपलो नाही. धागाकर्ते राहतात तिथे हे कायदेशीर आहे म्हणून धागा राहील. भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे. त्यामुळे 'मी नाशकात कुंडीत लावलंय, त्याचं काय करू' छापाचे प्रश्न उडवले जातील. बियाणं, विक्री, सेवन यावरही काही नको. किडीवर बोला.

विदर्भ_एक्सप्रेस | १० ऑक्टोबर

संपादक, एक किस्सा सांगू द्या, किडीचा नाही पण झाडाचाच आहे. आईने गॅलरीत अंबाडी लावली होती, भाकरीसोबत भाजी करायला. पान बघितलंय ना? हाताच्या पाच बोटांसारखं, कडा करवतीसारख्या. समोरच्या इमारतीतल्या एका सद्गृहस्थांनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'तिसऱ्या मजल्यावर काय चाललंय?' सेक्रेटरी वर आले. आईने त्यांना बसवून ताटात अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि वरून लसणाची फोडणी दिली. जाताना जुडी मागून नेली त्यांनी. नंतर कळलं की अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे, म्हणजे गांजासारख्या पानाची जास्वंद. नाव ठेवणाऱ्याची पण तीच गफलत.

कीटकवेडी | १० ऑक्टोबर

अंबाडीवर पण लाल कोळी मजेत राहतो, म्हणून विदर्भकर अगदीच विषयांतरात नाहीत.

हॅमिल्टनकर, बाटली तशीच ठेवा. आधी ओळख पटवू. कोळी हा कीटक नव्हे. पाय आठ, म्हणजे कोष्टी, विंचू, गोचीड यांच्या गोतावळ्यातला. (अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू मात्र सहा पायांचं असतं, त्यावरून गोंधळू नका.) तुमच्या झाडावर तीनपैकी एक कुणीतरी असू शकतो.

पहिला म्हणजे दोन ठिपक्यांचा कोळी, आपल्याकडे सरसकट ज्याला लाल कोळी म्हणतात. अर्धा मिलिमीटर, डोळे चांगले असतील तर नुसता दिसतो. पानाच्या खालून सोंड खुपसून एकेक पेशी रिकामी करतो, म्हणून वरून रवा सांडल्यासारखं दिसतं. संख्या वाढली की जाळं.

दुसरा पिवळा कोळी. मिरची लावणाऱ्यांना बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) माहीत असेल, त्यातला एक गुन्हेगार हा. शेंड्याची कोवळी पानं जाड, चकचकीत, वेडीवाकडी होतात. मिरचीत ओळखायची खूण अशी की फुलकिड्याने पान वर वळतं आणि या कोळ्याने खाली, उलट्या होडीसारखं.

तिसरा खास तुमच्याच झाडाचा, अ‍ॅक्युलॉप्स कॅनाबिकोला. आठ पायांचा नियम मोडणारा, चारच पायांचा, गाजराच्या आकाराचा, जेमतेम ०.२ मिलिमीटर. ठिपके नाहीत, जाळं नाही. पानाच्या कडा वर वळतात, झाड खालून वर मळकट तांबूस पडत जातं. हा साध्या भिंगातून निसटतो.

तुमचे ठिपके पहिल्याकडे बोट दाखवतात, वळलेल्या कडा तिसऱ्याकडे. सोनार वापरतात ते दहापट भिंग ठिपक्यांसाठी पुरेल, पण कडांसाठी साठपटीचं खिशातलं सूक्ष्मदर्शक आणा. पान खालून बघा, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना. काय दिसतं ते जसंच्या तसं लिहा, नाव देऊ नका.

हॅमिल्टनकर | १२ ऑक्टोबर

सूक्ष्मदर्शक आलं. दोन तास बेसमेंटमध्ये होतो, बायको दोनदा हाक मारून गेली.

खालच्या पानावर, शिरेलगत: फिकट पिवळट, जवळजवळ पारदर्शक, लंबगोल अंग. दोन्ही कुशीत एकेक काळा डाग. आठ पाय, केस उभे. फार हळू चालतात. आजूबाजूला काचेच्या मण्यासारखी गोल अंडी, कुठे तीन, कुठे दहा. आणि बरीच रिकामी पांढरी कात. एका अंड्यात दोन लाल टिंबं दिसली, बहुतेक डोळे. कागदाची टिचकी पण केली, धूळ चालली. पुसलं तर हिरवट फराटा.

शेंड्याच्या वळलेल्या पानांवर काहीच नाही. अक्षरशः काही नाही. वरची बाजू, खालची बाजू, देठ, सगळं बघितलं.

तंबूच्या भिंतीला टेकलेल्या एका पानावर चार-पाच नारिंगी रंगाचे दिसले. ते वेगळे आहेत का?

कीटकवेडी | १२ ऑक्टोबर

असं लिहिलं की काम सोपं होतं. दोन ठिपक्यांचा कोळी, शंका नाही. ते डाग म्हणजे त्याच्या पोटातलं तुमच्या झाडाचं हिरवं, कातडीतून दिसणारं.

नारिंगी पण तोच. दिवस लहान आणि गारवा असला की याच्या माद्या रंग बदलतात, खाणं आणि अंडी घालणं बंद करतात आणि फटीत जाऊन हिवाळा काढतात. तुमचा दिवा फुलोऱ्यासाठी बारा तासांवर असणार आणि ती भिंत गार असणार. झाडं काढल्यावर तंबूच्या शिवणी, चेन, काठ्या सगळं घासून पुसा. त्या माद्या तिथे बसतील आणि पुढच्या लागवडीच्या मुहूर्ताला उठतील.

शेंड्याच्या कडांचं उत्तर दिवा. किती वर आहे?

हॅमिल्टनकर | १२ ऑक्टोबर

वीतभर. झाड वाढलं तसा दिवा वर घ्यायचा राहिला. म्हणजे ती उष्णता!

सोडावॉटर | १२ ऑक्टोबर

झाडाला कोळी, वर दिव्याचा चटका, वर मॅग्नेशियम. बिचारं स्वतःच काहीतरी ओढायला मागेल.

द्राक्षबाग | १३ ऑक्टोबर

तासगाव तालुका, तीन एकर द्राक्ष. तुमच्या पिकाशी संबंध नाही, पण या जनावराशी वीस वर्षांची ओळख आहे.

फेब्रुवारीत ऊन वाढलं, मण्यात पाणी भरलं की लाल कोळी येतो. रस्त्याकडेच्या ओळीत सगळ्यात आधी, कारण तिथे पानावर धूळ. माझी पहिली मोठी चूक अशी की फुलकिड्यासाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक मारलं आणि पंधरा दिवसांत बाग तांबडी. दुकानदार म्हणाला डोस वाढवा. वाढवला. अजून तांबडी. मग एका मास्तरांनी समजावलं की कीटकाचं औषध कोळ्याला लागत नाही, पण कोळ्याला खाणारे छोटे ढालकिडे आणि दुसरे भक्षक कोळी त्यात मरतात. घरातलं मांजर मारायचं आणि उंदीर वाढले म्हणून रडायचं.

दुसरं, गणित. २७-३० अंशाला अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत आठवडाभर लागतो. एक मादी आयुष्यात शंभरच्या आसपास अंडी घालते. औषध चालत्या कोळ्याला मारतं, बरीचशी औषधं अंड्याला काही करत नाहीत. म्हणून एक फवारा मारून 'गेला' म्हणणारा माणूस आठ दिवसांनी परत दुकानात. पाच-सहा दिवसांनी दुसरा, परत तिसरा, आणि दर वेळी वेगळ्या गटाचं औषध. तेच तेच मारलं की त्याला सवय होते.

डायकोफॉल हे कोळ्याचं औषध आमच्या वडिलांच्या काळी रामबाण. आता भारतात बंद आहे. आम्ही प्रोपारगाइट, स्पायरोमेसिफेन वगैरे आलटून पालटून वापरतो, गंधक पण. पण बेसमेंटमध्ये, घरात पोरंबाळं असताना हे आणायचं नाही. आणि तुमचा माल तर लोक पेटवून धूर घेतात. आमचं द्राक्ष धुऊन खातात तरी २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या उरलेल्या अंशापायी युरोपात कंटेनर अडकले होते, त्या वर्षी गावात लग्नं पुढे ढकलली गेली. अंशाचा खेळ वाईट असतो.

हॅमिल्टनकर | १३ ऑक्टोबर

दादा, हे इथे झालेलं आहे. २०१६-१७ च्या सुमाराला काही परवानाधारक गांजा उत्पादकांच्या मालात मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक सापडलं होतं आणि माल परत मागवावा लागला. ते तापलं की हायड्रोजन सायनाइड निघतं म्हणतात.

द्राक्षबाग | १३ ऑक्टोबर

मायक्लोब्युटॅनिल? अहो ते आम्ही द्राक्षाच्या भुरी रोगाला मारतो! चिलमीत जाईल असं औषध बनवणाऱ्याच्या डोक्यात पण नसेल.

बर्लिनची_अनू | १३ ऑक्टोबर

आमच्याकडे १ एप्रिल २०२४ पासून माणशी तीन झाडं चालतात, म्हणून या विषयात नुकतंच शिक्षण झालंय (नवऱ्याचं. मी फक्त टॉमेटो लावते, शपथ). फुलोऱ्यात काहीही फवारू नका. तेल, साबण, कडुनिंब, गंधक, सगळं त्या चिकट केसाळ फुलात अडकतं आणि निघत नाही. शिवाय घट्ट फुलं ओली राहिली की आतून राखाडी बुरशी लागते. आम्ही भक्षक कोळी मागवले. पोस्टाने येतात, भुश्यात, छोट्या बाटलीत. पानांवर भुरभुरायचे, मिरपूड टाकल्यासारखे.

मीनाक्षी_ठाणे | १३ ऑक्टोबर

निंबोळी पण नको? माझी तीस वर्षांची सेवा वाया घालवलीत.

कीटकवेडी | १३ ऑक्टोबर

मीनाक्षीताई, वाया कशाने? वांगं धुऊन, शिजवून खातो. फूल असं धुता येत नाही. पानांच्या अवस्थेत असतं तर तुमचाच उपाय पहिला सांगितला असता, आधी पाण्याचा मारा, मग निंबोळी. गंधक पण तेव्हाच, एका लिटरला दोन-तीन ग्रॅम, ऊन ३२-३३ अंशांवर असेल तर नाही, आणि तेलाच्या फवाऱ्यानंतर दोन आठवडे तरी नाही. पान करपतं.

हॅमिल्टनकर | १४ ऑक्टोबर

कडुनिंबावरून आठवलं. दुकानातली ती बाटली आता चष्मा लावून वाचली. कडुनिंबाचंच तेल आहे, पण वर लिहिलंय 'पाने चकचकीत करण्यासाठी'. इथे ते कीडनाशक म्हणून नोंदलेलंच नाही, म्हणून अशा नावाने विकतात. आजीने ऐकलं असतं तर हसून हसून लोळली असती.

भक्षक कोळ्यांची चौकशी केली. पर्सिमिलिस आणि कॅलिफोर्निकस असे दोन सांगितले. कोणता?

बर्लिनची_अनू | १४ ऑक्टोबर

पर्सिमिलिस! आमचे दोन आठवड्यांत सगळं साफ करून गेले.

कीटकवेडी | १४ ऑक्टोबर

अनू, तुझी झाडं उन्हाळ्यात बाल्कनीत असणार. पर्सिमिलिस खातो भरपूर, पण फक्त याच जातीचे कोळी खातो आणि त्याला दमट हवा लागते, साठ टक्क्यांच्या वर. फुलोऱ्यात इतकी आर्द्रता ठेवली तर तू म्हणतेस तीच बुरशी येईल. कॅलिफोर्निकस सावकाश खातो, पण कोरड्या हवेत टिकतो आणि शिकार संपली तर परागकणांवरही दिवस काढतो. हॅमिल्टनकर, तंबूत आर्द्रता किती?

हॅमिल्टनकर | १४ ऑक्टोबर

घर तापवायची भट्टी सुरू झाल्यापासून ३५ टक्के.

कीटकवेडी | १४ ऑक्टोबर

मग कॅलिफोर्निकस. आणि जाळं पडलेलं झाड असेल तर ते वाचवायला जाऊ नका. पिशवी तंबूच्या आतच तोंडाशी बांधून झाड बाहेर काढा, घरभर मिरवत नेऊ नका. भक्षक थोड्या कोळ्यांना पुरतात, जत्रेला पुरत नाहीत.

कोकणी_माणूस | १५ ऑक्टोबर

एवढं वाचल्यावर राहवत नाही. आमच्या गुहागरकडे नारळावर कोळी आला तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं हे काय आहे. नारळाच्या टोपीखालून तपकिरी चट्टा सुरू होतो आणि खाली उतरत जातो, साल भेगाळते, नारळ लिंबाएवढाच राहतो. केरळात १९९८ मध्ये नोंद झाली आणि मग सगळ्या किनाऱ्यावर. चाळीस फुटांवर फवारणार कोण? म्हणून मुळातून पाजतात. कोवळं मूळ तिरकं कापून कडुनिंबाच्या औषधाच्या पिशवीत बुडवून बांधायचं, माड स्वतः ओढून घेतो.

सोडावॉटर | १५ ऑक्टोबर

शेवटी माडही ओढतोच.

विदर्भ_एक्सप्रेस | १५ ऑक्टोबर

तुरीचा वांझ रोग पण कोळीच पसरवतो. झाड हिरवंगार, ना फूल, ना शेंग. बाबा म्हणायचे नुसता पैलवान, कामाचा नाही.

द्राक्षबाग | १६ ऑक्टोबर

हॅमिल्टनकर, एक विचारायचं राहिलं. बंद घरात, जमिनीखाली, तंबूत, चेन लावलेली. कोळी आला कुठून? त्याला पंख नाहीत. हे सापडलं नाही तर बाकी सगळं पाण्यात.

हॅमिल्टनकर | १६ ऑक्टोबर

मला वाटत होतं मातीतून.

कीटकवेडी | १६ ऑक्टोबर

मातीतून सहसा नाही. दुसऱ्या झाडावरून, नाहीतर तुमच्या बाहीवरून. आणि एकच पुरे. मादीला नर मिळाला नाही तरी ती अंडी घालते, त्यातून सगळे नरच निघतात, मग त्यांच्याशी... संपादक रागावतील, इथेच थांबते. घरात अजून कोणती झाडं आहेत?

हॅमिल्टनकर | १७ ऑक्टोबर

मंडळी, सापडलं. पण सांगायचं धाडस होत नाहीये.

आई जूनपासून आमच्याकडे आहे. तिची तुळस उन्हाळाभर अंगणात होती. सप्टेंबरच्या मध्यात गारठा सुरू झाला तशी आम्ही ती स्वयंपाकघराच्या खिडकीत घेतली. खाली भट्टीची झडप, वरून ऊन. रोज सकाळी मी तुळशीला पाणी घालतो, मग तीच झारी घेऊन तसाच खाली तंबूत जातो.

आज कागद धरून तुळशीला टिचकी मारली. आई मागे उभी होती. कागद चालायला लागला. म्हणाली, 'काय शोधतोयस?' मी म्हणालो, किडे. म्हणाली, 'माझ्या तुळशीला? तुझ्या त्या खालच्या वनस्पतीवरून आले असतील.' वेळापत्रक तपासलं, तुळशीची खालची पानं सप्टेंबरपासूनच फिकी होती. हे तिला सांगायचं कुणी?

मीनाक्षी_ठाणे | १७ ऑक्टोबर

सांगू नका! तुळस धुवा. कुंडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा म्हणजे माती सांडणार नाही, उलटी धरा आणि शॉवरखाली पानांची खालची बाजू चोळून काढा. तीन-चार दिवसांनी परत. पानं प्रसादात खाता ना, मग पाण्याशिवाय दुसरं काही नको.

नियमाप्रमाणे | १७ ऑक्टोबर

तुळशीमुळे गांजाला कीड लागली हे वाक्य या संस्थळावर वाचायचं राहिलं होतं.

द्राक्षबाग | १७ ऑक्टोबर

आता क्रम बदला. सकाळी आधी तंबू, मग आंघोळ नसेल तर कपडे तरी, आणि शेवटी तुळस. झारी वेगळी. आम्ही पण रोगट प्लॉटात सगळ्यात शेवटी जातो.

बर्लिनची_अनू | २९ ऑक्टोबर

काय झालं हो? बाटली आली का?

हॅमिल्टनकर | १६ नोव्हेंबर

उशिराबद्दल माफी. हिशोब देतो.

दोन झाडांवर जाळं पडलं होतं, ती १८ तारखेला पिशवीत बांधून काढली. जीव तुटला, पण त्याच रात्री राहिलेल्या दोघांची खालची पानं काढून कॅलिफोर्निकस सोडले. पहिला आठवडा काहीच फरक दिसेना, मी परत त्या चकचकीत तेलाकडे बघायला लागलो होतो. दहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली एक टपोरा, घाईत पळणारा प्राणी दिसला आणि त्याच्या मागे कोरडी पडलेली अंडी, फुगा फुटल्यासारखी. त्या संध्याकाळी दर पाच मिनिटांनी बायकोला बोलावून दाखवत होतो. दोन्ही झाडं काल कापली. फुलांवर जाळं नाही. पानांवर जुने ठिपके आहेत, ते भरून येत नाहीत. दिवा हातभर वर घेतल्यावर कडा वळणंही थांबलं. तंबूच्या शिवणी जुन्या टूथब्रशने घासतोय, सात नारिंगी माद्या सापडल्या आहेत आतापर्यंत.

तुळस बाथटबमध्ये विलगीकरणात होती. सहा वेळा धुतली. कागद आता स्वच्छ आहे. पण मधेच तुळशीचं लग्न आलं, आणि आईने तिला बाहेर काढायला ठाम नकार दिला, 'तूच म्हणालास ना हलवायची नाही.' म्हणून ऊस, चिंचा, आवळे, अंतरपाट, सगळं बाथरूममध्ये. मंगलाष्टका टबाच्या कडेवर बसून. पाहुणे सात, जागा तिघांची.

सोडावॉटर | १६ नोव्हेंबर

नवरदेव ओला झाला का?

हॅमिल्टनकर | १६ नोव्हेंबर

अक्षता टाकताना कुणाचा तरी कोपर लागून शॉवर सुरू झाला. बाळकृष्ण, तुळस, भटजी (म्हणजे फोनवरचे पुण्याचे काका, आणि फोन), सगळे. आई म्हणाली, सातवी धुणी झाली.